औदुंबराचा कवी : बालकवी ठोंबरे

उधन्याहून जळगावकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग आमच्या डिंडोलीवरूनच पुढे जातो. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी स्थानके मागे टाकीत गाडी धरणगावास पोहोचते. डिंडोलीतील मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांची मूळ गावे याच मार्गाच्या आसपास आहेत, आणि सुटीत आजोळी जाणाऱ्या मुलांना ही नावे पाढ्यांप्रमाणे पाठ असतात. परंतु याच मार्गावरील नवापूर येथे एका तेरा वर्षांच्या मुलाने आपली पहिली कविता लिहिली आणि धरणगाव हे त्याचे जन्मस्थान होय, ही गोष्ट त्यांतील किती जणांस ठाऊक असेल? तो मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. मराठी वाचक त्यांना बालकवी या नावाने ओळखतात. त्यांचे अल्प आयुष्य आणि त्यांची 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता, या दोहोंचा एकत्र परिचय करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी झाला. त्या काळी खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पुढे १९०६ साली पडले. वडील बापूराव हे पोलीस खात्यात नोकरीस होते. पोलिसाची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. आज या गावी, तर उद्या त्या गावी, असा संसार पाठीवर घेऊन हे कुटुंब खानदेशभर हिंडले. या भटकंतीने मुलाच्या शिक्षणाची आबाळ झाली. शाळेतील इंग्रजी शिक्षण अपुरेच राहिले. परंतु एका दृष्टीने पाहता हीच भटकंती त्यांची खरी शाळा ठरली. खानदेशात काळीभोर जमीन आहे, सातपुड्याच्या रांगा आहेत, उन्हाळ्यात तापून निघणारी माळराने आहेत आणि पावसाळ्यात अकस्मात जागे होणारे ओढेही आहेत. नवापूरकडील प्रदेश तर डोंगरांचा आणि रानाचा. तेथेच १९०३ च्या सुमारास त्यांनी 'वनमुकुंद' ही पहिली कविता रचली. विषय श्रीकृष्णाचा आणि वळण जुन्या कवितेचे. तरी शीर्षकात वन आले आहे, हे आम्हांस अगदीच योगायोगाचे वाटत नाही.

यानंतर चारच वर्षांनी, १९०७ साली, जळगाव येथे मराठी कवींचे पहिले संमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. सतरा वर्षांच्याही आतबाहेरचा हा पोरसवदा मुलगा त्या संमेलनात उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हणून दाखविली. सभेत बसलेली मंडळी वयाने, मानाने आणि विद्येने मोठी होती. तरीही कविता ऐकून सर्व सभा थक्क झाली आणि अध्यक्षांनी त्या मुलास बालकवी ही पदवी दिली. हे कीर्तिकर पेशाने शल्यवैद्य, छंदाने कवी आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा आणि बसू यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्धच आहे. झाडांचे शास्त्र जाणणाऱ्या विद्वानाने झाडांचा कवी ओळखावा, ही घटना आम्हांस मोठी मौजेची वाटते. बालकवी हे नाव मात्र त्यांना जन्मभर चिकटले. पुढे त्यांनी प्रौढ माणसाच्या मनातील गहन दुःखावर लिहिले तेव्हाही लोक त्यांना बालकवीच म्हणत राहिले, आणि त्या नावामुळे ते केवळ मुलांचे कवी होत असा गैरसमजही काही प्रमाणात पसरला.

त्याच काळात त्यांच्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा लोभ जडला. टिळक हे स्वतः थोर कवी. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतके लिहिले, की रसिकांनी त्यांना फुलामुलांचे कवी ही संज्ञा दिली. त्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि ते अहमदनगर येथे राहत असत. या घरात ठोंबरे यांना मुलासारखे स्थान मिळाले. ब्राह्मण कुटुंबातील तरुणाने ख्रिस्ती गृहस्थाच्या घरी राहावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. धर्म न बदलता ते त्या घरात रमले. लक्ष्मीबाई टिळक यांनी आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात या ठोंबऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्या वाचताना एक हळवा, हट्टी, क्षणात रुसणारा आणि क्षणात हसणारा, अर्धा मुलगा व अर्धा पुरुष असा तरुण डोळ्यांपुढे उभा राहतो. मराठी गद्यातील त्या अनुपम ग्रंथाची पाने ज्यांनी चाळली नसतील त्यांनी ती अवश्य चाळावीत.

आता थोडे विषयांतर करणे भाग आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस कला आणि साहित्य यांत एक नवे वारे वाहू लागले. त्याला रोमँटिसिझम असे नाव मिळाले. मराठीत कोणी त्यास सौंदर्यवाद म्हणतात, तर कोणी स्वच्छंदतावाद. तत्पूर्वी कवितेने ठरलेल्या नियमांत बसावे, बुद्धीला पटेल तेवढेच बोलावे आणि राजे, वीर व देवता यांचेच वर्णन करावे, असा दंडक होता. वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांनी १७९८ साली मिळून एक काव्यसंग्रह काढला आणि साध्या शेतकऱ्याचे, खेड्यातील मुलीचे, ओढ्याकाठच्या झाडाचे जीवनही काव्यास पात्र आहे हे दाखवून दिले. निसर्ग ही निर्जीव वस्तू नसून त्याला मन आहे, व्यक्तीच्या भावनेला मोल आहे, कल्पनाशक्ती ही सत्याकडे जाण्याची एक वाट आहे आणि बालकाचे कुतूहल हे पंडिताच्या ज्ञानाहून कमी नाही, ही त्या संप्रदायाची श्रद्धा होती. या सर्वांच्या तळाशी एक हुरहुरही होती. जे दिसते त्यापलीकडे काहीतरी आहे आणि ते हाती लागत नाही, अशी ती हुरहुर.

मराठीत हे वारे केशवसुतांनी आणले. आमच्या जुन्या कवितेत निसर्ग नव्हता असे नाही. ज्ञानेश्वरांच्या ओव्यांत तो पानोपानी भेटतो. परंतु तेथे तो सिद्धांत समजावून देणाऱ्या दृष्टांताच्या रूपाने येतो. पंडित कवींच्या काव्यात तो नायिकेच्या अलंकारासारखा शोभेस येतो. निसर्गाकडे निसर्ग म्हणून पाहण्याची दृष्टी नवी होती. केशवसुत १९०५ साली हुबळी येथे प्लेगने वारले. त्यापूर्वी काही वर्षे ते खानदेशात फैजपूर येथे शिक्षक होते. म्हणजे नव्या कवितेचे बीज ज्या मातीत पडले, त्याच मातीत बालकवी वाढत होते. वर्ड्‌स्वर्थ, शेली, कीट्स यांच्या ग्रंथांचा केशवसुतांसारखा व्यासंग करण्याइतके इंग्रजी बालकवींपाशी नव्हते. त्यांनी जे मिळविले ते केशवसुत आणि टिळक यांच्या कवितेतून, आणि त्याहून अधिक ओढ्याकाठी बसून.

या संप्रदायाचे उघड, लखलखीत रूप पाहावयाचे असेल तर त्यांची 'फुलराणी' वाचावी. हिरव्या गवतावर डोलणारी एक अजाण कळी, तिच्यावर लुब्ध झालेला सूर्यकिरण आणि पहाटे साऱ्या सृष्टीने साजरा केलेला त्यांचा विवाह, असा हा सोहळा आहे. तीत वारा बोलतो. पुढे पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली रंगभूमीवर आलेल्या आपल्या नाटकाला 'ती फुलराणी' हे नाव दिले, ते याच कवितेच्या स्मरणाने. 'निर्झरास', 'अरुण', 'श्रावणमास' याही कविता अशाच आनंदाने उसळणाऱ्या आहेत. आनंदाने गडबडा लोळणारे मूल जसे कोणाची पर्वा करीत नाही, तशी ही कविता तर्काची पर्वा करीत नाही. टीकाच करावयाची, तर कधीकधी विशेषणांची दाटी फार होते, असे म्हणता येईल.

'औदुंबर' हे मात्र वेगळेच रत्न आहे. वरवर पाहता त्यात काहीच घडत नाही. निळसर छटेचा एक ओढा वाहत आहे आणि त्याचे दोन्ही काठ हिरवेगार आहेत. पलीकडे एक टेकडी आहे आणि तिच्या बाजूस मोजक्या घरांची इवलीशी वस्ती. पुढे शेतांची आणि मळ्यांची गर्द दाटी. त्या दाटीतून नागमोडी निघालेली एक पांढुरकी पाऊलवाट कुरणे ओलांडून एका गडद डोहाकडे जाते. तेथे पाण्यावर सावली पसरली आहे. आणि त्या पाण्यात पावले सोडून एक औदुंबर निवांत बसला आहे. एवढेच चित्र आहे आणि येथे कविता संपते. कवी कोठेही मी म्हणत नाही. तो उपदेश करीत नाही, उसासा टाकीत नाही, देवाचे नावही घेत नाही.

मग या कवितेस सौंदर्यवादाचे उत्तम उदाहरण कोणत्या आधारावर म्हणावयाचे? ही कविता चित्रासारखी पाहिली म्हणजे उत्तर सापडू लागते. इंग्लंडमध्ये कॉन्स्टेबल नावाचा चित्रकार होऊन गेला. ओढ्यात उभी असलेली एक गवताची गाडी आणि काठावरील एक साधे घर हा विषय घेऊन त्याने १८२१ साली एक भव्य चित्र रंगविले. राजवाडे आणि रणांगणे यांसाठी राखून ठेवलेला मोठा कॅन्व्हास त्याने एका खेडुताच्या गाडीला दिला, हेच त्याचे धाडस होते. बालकवींनी तेच शब्दांनी केले आहे. त्यांच्या गावाला नाव नाही. तेथे गड नाही, तीर्थ नाही, इतिहास नाही. असले गाव कोणत्याही खानदेशी मुलाने गाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते आणि दुसऱ्याच क्षणी विसरलेले असते. अशा गावाकडे कवी थांबून पाहतो, आणि पाहण्यानेच ते गाव मौल्यवान होते.

रंगांचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. प्रारंभी हिरवा आणि निळा, मग पुन्हा हिरवा. मध्येच पांढऱ्या वाटेची एक रेघ. आणि शेवटी काळा. दृष्टी मोकळ्या प्रदेशातून हळूहळू आत येते आणि एका बिंदूवर स्थिरावते. वाहत्या पाण्यापासून प्रारंभ होतो आणि स्थिर डोहापाशी शेवट होतो. पाऊलवाट साधारणतः माणसाला घरी नेते. येथील वाट मात्र घरांकडे वळत नाही, ती डोहाकडे जाते. त्या वाटेने कोण गेले असेल? कवी सांगत नाही, आणि वाटेवर एकही माणूस दाखवीत नाही. डोहाच्या काळोखीला मात्र तो गोडवा देतो. भय आणि माधुर्य यांची एका जागी अशी गाठ घालणे, हे त्या हुरहुरीचेच लक्षण आहे जिचा उल्लेख आम्ही वर केला.

शेवटी झाड येते. शीर्षकातच ज्याचे नाव सांगितले, त्याची वाट कवीने आपणांस आठही ओळी पाहावयास लावली आहे. कवितेचा अगदी शेवटचा शब्द औदुंबर हा आहे. उंबराचे झाड पाण्याच्या जवळ चांगले वाढते, त्याची मुळे काठ धरून ओढ्यात उतरतात, हे आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कवीने त्या मुळांची पावले केली आणि झाडाला बसविले, आणि एवढ्या एका क्रियापदाने झाडाला मन प्राप्त झाले. पुन्हा, त्याने उंबर न म्हणता औदुंबर म्हटले. दत्तात्रेयाचे वास्तव्य ज्या वृक्षाखाली मानले जाते तो हा वृक्ष. नरसोबाच्या वाडीस जाऊन आलेल्या घरांत त्याची महती सांगावी लागत नाही. कवी त्या महतीविषयी एक अक्षर बोलत नाही. परंतु शब्दाबरोबर ती आपोआप येते, जसा देव्हाऱ्यातील धुपाचा वास कपड्यांबरोबर घरभर हिंडावा.

या झाडाचा अर्थ काय, यावर मराठी समीक्षकांनी विपुल लिहिले आहे. कोणास त्यात जगापासून अलिप्त झालेला योगी दिसला, कोणास कवीचे स्वतःचे उदास मन दिसले, कोणास मृत्यूची छाया दिसली. तर कोणी म्हणाले, की हे केवळ एक सुंदर निसर्गचित्र आहे आणि त्यात अधिक काही शोधू नये. आमचे मत विचाराल, तर त्या सर्वांना थोडी थोडी जागा या आठ ओळींत आहे, कारण कवीने स्वतःला त्यांतून काढून घेतले आहे. कवीला स्वतःचे असे व्यक्तित्व नसते, तो ज्याकडे पाहतो तेच होऊन जातो, असा विचार कीट्सने १८१८ साली एका पत्रात मांडला होता. ते पत्र बालकवींनी वाचले असावे असे समजण्यास काही आधार नाही. तरीही त्या विचाराचे मराठीतील इतके निर्मळ उदाहरण आम्हांस दुसरे आढळत नाही. 'फुलराणी'त कवी आनंदाने गातो आहे हे आपणांस ऐकू येते. 'औदुंबर' मध्ये गाणाराच दिसेनासा झाला आहे.

बालकवींवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. समाजात एवढी दुःखे असता हा कवी फुले, तारे आणि झरे यांत दडून बसला, असे म्हणतात. केशवसुतांनी 'तुतारी' फुंकली आणि यांनी पाठ फिरविली, असाही त्याचा सूर असतो. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. सुखवस्तू माणूस निसर्गात रमला तर त्याला पळपुटा म्हणता येईल. बालकवींना सुख मिळाले कोठे? पैशाची चणचण नित्याची होती. पोटासाठी शिक्षकाची नोकरी करावी लागली. विवाह झाला, परंतु संसारास स्थैर्य लाभले नाही. 'पारवा' या कवितेत मोडकळीस आलेल्या धर्मशाळेच्या छपरावर बसून एकट्याने घुमणारे पाखरू आहे. ते ज्याने ऐकले, त्याला दुःख ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? कारण नसताना मनात उतरणाऱ्या खिन्नतेवरही त्यांनी लिहिले आहे. 'औदुंबर' मधील डोह काळा आहे तो उगाच नव्हे. ज्या माणसाने नुसताच हिरवा रंग पाहिला असेल त्याला तो डोह रंगविता येणार नाही.

पुण्याच्या वास्तव्यात त्यांचा राम गणेश गडकरी यांच्याशी स्नेह जमला. गोविंदाग्रज या नावाने कविता लिहिणारे गडकरी हे जन्माने नवसारीचे, म्हणजे आम्हा सुरतकरांचे शेजारीच. दोघेही केशवसुतांना गुरुस्थानी मानणारे, आणि दोघेही अल्पायुषी. एक कल्पनेच्या आतषबाजीचा धनी, तर दुसरा शांत पाण्याचा. त्या काळच्या मासिकांतून बालकवींच्या कविता प्रसिद्ध होत असत आणि रसिक त्या उतरवून घेत. परंतु कवितांचे पुस्तक पाहण्याचे भाग्य काही त्यांच्या वाट्यास आले नाही.

जळगावहून भुसावळकडे निघाले म्हणजे भादली हे लहानसे स्थानक लागते. जवळच बहिणाबाई चौधरी यांचे असोदे गाव आहे. त्या बालकवींहून दहा वर्षांनी वडील होत्या आणि त्याच मातीवर आपल्या बोलीत गाणी रचीत होत्या. ती जगाला कळली १९५२ साली. भादली येथे ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेखाली सापडले आणि जागच्या जागी त्यांचा अंत झाला. त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. ज्या संमेलनाने त्यांना नाव दिले ते जळगाव तेथून हाकेच्या अंतरावर होते. पदवी देणारे कीर्तिकर आदल्याच वर्षी निवर्तले होते. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी गेले, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी रेव्हरंड टिळकही गेले. सुमारे एका वर्षात मराठी कवितेचे हे तीन दीप मालवले.

त्यांच्या कविता पुढे इतरांनी गोळा केल्या. कोणाच्या वहीतून, कोणाच्या पत्रातून, मासिकांच्या जुन्या अंकांतून शोधून त्यांचे संग्रह निघाले. सर्व मिळून त्या दीडशेच्या आसपास भरतात. त्यांतील काही अपुऱ्याच राहिल्या आहेत; कवीने पुढची ओळ मनात धरून लेखणी खाली ठेवावी आणि पुन्हा ती उचलावयास सवड मिळू नये, अशा ठिकाणी त्या थांबतात.